पेटीतल्या बाळाचे ठोके एकसुरी होतात तेव्हा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात १९९० च्या दशकात डॉक्टरांना जो प्रश्न छळत होता, तो आपल्याकडच्या कुठल्याही एनआयसीयूत आजही छळतो. सातव्या महिन्यात जन्मलेलं, जेमतेम किलोभर वजनाचं बाळ पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये आहे. सुरुवातीचे दिवस श्वासाच्या नळीवर गेले, आता जरा सावरलंय. नळीतून थोडं थोडं दूध पचतंय. आई रोज येते, पेटीच्या खिडकीतून हात घालून त्याच्या पायाला बोट लावून बसते. आणि एका सकाळी बाळ मलूल होतं. दूध पोटात तसंच राहतं, पोट फुगतं, श्वास मधेच थांबतो, अंगाचा रंग राखेसारखा होतो. दुपारपर्यंत ते पुन्हा व्हेंटिलेटरवर असतं. काही बाळं पुढची सकाळ पाहत नाहीत.

हे वर्णन कुणा एका बाळाचं नाही. अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांच्या बाबतीत हे असंच घडतं. रक्तात जंतू पसरतात, त्याला सेप्सिस म्हणतात. अमेरिकेतल्या नवजात संशोधन केंद्रांनी २००२ साली दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या जवळपास सात हजार बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. जन्मानंतरचे पहिले तीन दिवस उलटल्यावर होणारा सेप्सिस त्यातल्या २१ टक्के बाळांना झाला होता. ज्यांना झाला त्यांच्यातले १८ टक्के दगावले. ज्यांना झाला नाही त्यांच्यातले ७ टक्के.

उपचार नव्हता असं नाही. प्रतिजैविकं होती आणि ती वेळेत गेली तर बाळं वाचत होती. अडत होतं ते ‘वेळेत’ या शब्दापाशी. मलूलपणा, फुगलेलं पोट, थांबणारा श्वास ही लक्षणं दिसू लागतात तोवर जंतूंनी बरंच अंतर कापलेलं असतं. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करायचं तर उत्तराला दिवस-दोन दिवस लागतात, आणि किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं ८० ते १०० मिली. त्यातून रोज संशयापोटी एक मिली काढून चालत नाही. बरं, सगळ्याच बाळांना सरसकट प्रतिजैविकं द्यावीत, तर आतड्यातले चांगले जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे जंतू विभागात घर करतात, आणि पुढच्या बाळाला तेच भोवतात. म्हणजे लक्षणांची वाट पाहिली तर उशीर, आणि न पाहता औषध दिलं तर दुसरंच नुकसान.

मॉनिटर मात्र दिवसरात्र चालू होता. प्रत्येक बाळाच्या छातीला तीन चकत्या, त्यातून येणारा ईसीजी, आणि स्क्रीनवर मिनिटाला किती ठोके तो आकडा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आकडा साधारण दीडशेच्या आसपास असतो. तो फार खाली किंवा फार वर गेला की अलार्म वाजतो, सिस्टर धावते. सेप्सिसच्या आदल्या रात्रीही आकडा दीडशेच असायचा. अलार्म वाजायचा नाही.

सरासरीच्या आड काय चाललं होतं

नवजात बालरोगतज्ज्ञ पामेला ग्रिफिन आणि हृदयविकारतज्ज्ञ रँडल मूरमन यांनी त्या आकड्याच्या मागे पाहायला सुरुवात केली. मिनिटाला किती ठोके, हे सोडून त्यांनी एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत नेमका किती वेळ गेला ते मोजलं, हजारो ठोक्यांसाठी, सलग.

मिनिटाला दीडशे ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सरासरी ४०० मिलिसेकंदांचं अंतर. पण बऱ्या बाळाच्या बाबतीत हे अंतर कधीच नेमकं ४०० नसतं. समजण्यापुरते आकडे घ्यायचे तर ३८५, ४१२, ३९८, ४२०, ३९० असं ते सतत हलत असतं. या हलण्यालाच हृदयगतीतली चलता म्हणतात. हल्ली घड्याळांमुळे एचआरव्ही हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालंय. सेप्सिसकडे निघालेल्या बाळाच्या नोंदीत हे हलणं विरत गेलेलं दिसलं. ४००, ४०१, ३९९, ४००. आणि त्या सपाटीत मधूनच ठोके एकदम मंदावायचे, खड्ड्यात पाय पडल्यासारखे, आणि काही सेकंदांत परत वर यायचे. हे खड्डे इतके थोडा वेळ टिकणारे आणि उथळ असायचे की अलार्मच्या मर्यादेला धक्काही लागायचा नाही. ग्रिफिन आणि मूरमन यांनी २००१ साली ही नोंद प्रसिद्ध केली: बाळ आजारी दिसायच्या आधी, काही वेळा जवळपास २४ तास आधी, ठोक्यांची चाल बदललेली असते.

प्रसूतिशास्त्राला हा प्रकार अगदी नवा नव्हता. पोटातल्या बाळाच्या ठोक्यांतला चढउतार आधी मावळतो आणि बाळ संकटात असल्याची बाकीची लक्षणं नंतर येतात, हे एडवर्ड हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं. प्रसूतिगृहात आजही आईच्या पोटाला पट्टा लावून कागदावर जी नागमोडी रेघ काढतात, तिच्यात डॉक्टर हेच शोधत असतात. आश्चर्य वाटतं ते याचं की जन्माच्या क्षणापर्यंत जी गोष्ट इतकी बारकाईने पाहिली जायची, ती जन्मानंतर पेटीत ठेवलेल्या बाळाच्या बाबतीत कित्येक वर्षं कुणी पाहिलीच नाही.

ठोके का हलतात

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो ठोक्याची सुरुवात करतो. मोठ्या माणसाच्या हृदयाला बाहेरून कुणी काही सांगितलंच नाही, तर तो पुंजका मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. आपण निवांत बसलेलो असताना सत्तर पडतात, कारण मेंदूतून निघणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला सतत आवरून धरतो. त्याची पकड झटकन घट्ट होते आणि झटकन सैलही होते, पुढच्याच ठोक्यावर परिणाम दिसतो. ताणाच्या वेळी जोर करणारी सिंपथेटिक बाजू मात्र सावकाश चढते, काही सेकंद घेते. त्यामुळे दोन ठोक्यांमधलं बारीक हलणं बहुतांशी व्हेगसच्या हातचं असतं. श्वास आत घेतला की ती पकड सैल होते, ठोके किंचित जलद पडतात; श्वास सोडला की घट्ट होते. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने श्वास आणि ठोक्यांचं हे नातं १८४७ मध्ये कुत्र्यावरच्या प्रयोगात टिपलं होतं. मनगटावर बोटं ठेवून दीर्घ श्वास घेतला तर कुणालाही ते जाणवेल, लहान वयात तर फारच स्पष्ट.

ठोक्यांचं हलणं म्हणजे मेंदू, फुप्फुसं, रक्तवाहिन्यांतला दाब आणि हृदय यांच्यातली अखंड देवाणघेवाण. शरीरावर मोठा ताण आला की ती देवाणघेवाण आटते. ताण परीक्षेचा असो, जागरणाचा असो, की रक्तात शिरलेल्या जंतूंचा. जंतूंशी लढताना पेशी जे रासायनिक निरोप सोडतात, त्यांचा परिणाम ठोक्यांवर थेट दिसतो. उंदरांना जंतूंच्या कवचातलं विष टोचल्यावर त्यांच्या ठोक्यांतला चढउतार कोसळतो, हे व्हर्जिनियातल्याच गटाने नंतर प्रयोगशाळेत दाखवलं.

पेटीतल्या बाळाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. व्हेगसची घडण गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत पुरी होत जाते, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे ठोके मुळातच कमी हलतात आणि दिवस भरत जातील तसे जास्त हलू लागतात. मोठ्यांसाठीचं कुठलंही प्रमाण त्याला लागू पडत नाही.

एका मापाने भागलं नाही

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला हा वाटतो. ठोके किती हलतात हे मोजायचं सोपं माप सगळ्यांना ठाऊक आहे: प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून आकडे किती पांगले आहेत. आजारी बाळाचे ठोके सपाट झाले तर विचलन कमी यायला हवं. पण ते मधले खड्डे! एखादाच खड्डा आला की विचलन पुन्हा वर जातं. म्हणजे सपाटी आकडा खाली ओढते, खड्डे वर ओढतात, आणि अगदी आजारी बाळाचा आकडा चांगल्या बाळासारखा दिसू शकतो. ज्या आकड्यावर विसंबायचं तोच फसवणार.

गणितज्ञ डग्लस लेक यांच्या साथीने या गटाने मग तीन मापं एकत्र केली. एक, विचलन. दुसरं, असममितता: ठोके जास्त वेळा मंदावतात की जलद होतात, कल कुणीकडे आहे. बऱ्या बाळात दोन्ही बाजू साधारण सारख्या असतात. आजारी बाळात कल मंदावण्याकडे झुकतो, कारण जलद होण्याचे प्रसंग नाहीसे होतात आणि खड्डे उरतात. तिसरं माप एंट्रॉपीचं: ठोक्यांची मालिका किती अनपेक्षित आहे, आधीचे ठोके पाहून पुढचा ओळखता येतो का. हे माप मूरमन आणि त्यांचे विद्यार्थी रिचमन यांनी २००० साली मांडलं, आणि आज ते वैद्यकाबाहेरही वापरलं जातं.

एका वेळी ४०९६ ठोके घ्यायचे, म्हणजे या बाळांच्या बाबतीत साधारण अर्धा तास. मागच्या १२ तासांतल्या अशा तुकड्यांचा हिशेब करून दर तासाला एकच आकडा काढायचा. १ म्हणजे सरासरी धोका. ४ म्हणजे पुढच्या २४ तासांत बाळ सेप्सिसने खालावण्याची शक्यता सरासरीच्या चौपट. आकडा कुठल्या आजाराचं नाव सांगत नाही, तो धोका सांगतो. या यंत्रणेला हीरो हे नाव मिळालं.

नऊ रुग्णालयं, तीन हजार तीन बाळं

इथवरचं काम चांगलं होतं, पण आधी ओळखता येणं आणि बाळ वाचणं यांत अंतर आहे. एप्रिल २००४ ते मे २०१० या काळात अमेरिकेतल्या नऊ नवजात विभागांत ३००३ बाळांवर चाचणी झाली, सगळी दीड किलोच्या आतली. मांडणी मला फार सुंदर वाटते. ठोक्यांचा हिशेब प्रत्येक बाळाचा झाला. आकडा स्क्रीनवर दिसला तो मात्र निम्म्याच बाळांचा, आणि कोणाचा दिसायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. आकडा चढला तर डॉक्टरांनी काय करायचं, याचा कुठलाही नियम घालून दिलेला नव्हता.

ज्यांचा आकडा झाकलेला होता त्या बाळांपैकी १०.२ टक्के दगावली. ज्यांचा दिसत होता त्यांच्यातली ८.१ टक्के. म्हणजे साधारण ४८ बाळांचा आकडा दाखवला तर एक जास्तीचं बाळ वाचतं. एक किलोच्या आतल्या बाळांमध्ये फरक अधिक ठसठशीत होता, १७.६ वरून १३.२ टक्के. नवजात विभागाबाहेर ताटकळलेल्या माणसांना दोन टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता शंका. त्या बाजूला सारल्या तर हे प्रकरण अर्धवट राहील. चाचणीने आधी ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट मृत्यू हे नव्हतं. १२० दिवसांपैकी किती दिवस बाळ जिवंत आणि व्हेंटिलेटरविना राहिलं, हे होतं. त्यात सरासरी दोन-सव्वादोन दिवसांचा फरक पडला, पण तो योगायोग नव्हे असं खात्रीने म्हणण्याइतका पक्का नव्हता. मृत्यूचा निकाल दुय्यम होता. डॉक्टरांना आणि सिस्टरना कोणत्या बाळाचा आकडा दिसतोय हे अर्थातच माहीत होतं, त्यामुळे त्या बाळाकडे जास्त लक्ष गेलं असणं शक्य आहे. आकडा दिसणाऱ्या बाळांची रक्ताची कल्चर्स सुमारे १० टक्के जास्त झाली आणि प्रतिजैविकांचे दिवसही थोडे वाढले. तंत्राचा परवाना घेऊन यंत्रणा विकणारी कंपनी त्याच गावातली, आणि काही संशोधकांचे तिच्याशी आर्थिक संबंध होते. ते त्यांनी जाहीर केलेले आहेत.

या सगळ्याचं वजन धरूनही मी या चाचणीच्या बाजूने झुकतो, आणि त्याचं कारण तिच्याच नंतरच्या विश्लेषणात आहे. सेप्सिस दोन्ही गटांत झाला. पण सेप्सिस झालेल्या बाळांपुरतं पाहिलं, तर आकडा दिसणाऱ्या गटात त्यानंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू साधारण ४० टक्क्यांनी कमी होते. फायदा जिथे अपेक्षित होता नेमका तिथेच तो दिसतो. नुसत्या जास्तीच्या लक्षाने सगळीकडेच थोडा थोडा फरक पडला असता.

आकडा चढला की पुढे काय होतं, ते प्रत्यक्षात साधं आहे. कुणीतरी पेटीपाशी जातं. बाळाला हात लावून बघतं, पोट तपासतं, दूध पचतंय का विचारतं, नळी आणि सुई घातलेली जागा पाहतं. कधी कळतं की परवा शस्त्रक्रिया झाली म्हणून ठोके सपाट आहेत. कधी डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीसाठी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेले असतात, तेही व्हेगसला गप्प करू शकतात. कधी श्वासाचा आजार बळावलेला असतो. आणि कधी काहीच सापडत नाही, फक्त सिस्टर म्हणते की हे आज बरं दिसत नाही, आणि मग कल्चर पाठवून औषध सुरू होतं, लक्षणं यायच्या आत.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल

पुण्या-मुंबईतले ओळखीचे लोक हल्ली सकाळी उठल्या उठल्या घड्याळातला एचआरव्ही बघतात आणि ३५ दिसले की धास्तावतात. त्यांच्यासाठी या बाळांच्या गोष्टीत बरंच काही आहे. १९८७ साली हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांच्या ठोक्यांचं प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांच्या खाली होतं, त्यांचा मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक निघाला. इंटरनेटवर फिरणारा ‘५० च्या खाली धोका’ हा समज बहुधा इथूनच आलाय. पण ते ५० हे पूर्ण २४ तासांच्या ईसीजी नोंदीचं माप होतं, नुकताच झटका येऊन गेलेल्या माणसांचं. घड्याळ झोपेतली किंवा काही मिनिटांची नोंद घेतं, तीही बहुतेक वेळा त्वचेवर टाकलेल्या प्रकाशातून. काही कंपन्या प्रमाण विचलन दाखवतात, काही लागोपाठच्या ठोक्यांमधला फरक मोजणारं वेगळंच माप. दोघांच्या घड्याळांतले आकडे एकमेकांशी लावायला बसणं म्हणजे किलो आणि लिटर यांची तुलना करणं आहे. वयाप्रमाणे हा आकडा उतरतो, आणि सारख्याच वयाच्या दोन धडधाकट माणसांतही तो दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो.

अर्थ असतो तो स्वतःच्याच मागच्या काही आठवड्यांच्या पातळीशी तुलना करण्यात. नेहमी ३५ असणाऱ्याला ३५ काहीच सांगत नाही. नेहमी ६० असणाऱ्याला सलग चार-पाच दिवस ३५ दिसले, तर झोप, ताप, दारू, न संपणारं काम, एखादा येऊ घातलेला आजार, यांपैकी काय चाललंय ते स्वतःला विचारावं. आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर घड्याळ चांगला आकडा दाखवत असलं तरी डॉक्टरांकडे जावं. प्रमाण विचलन त्या बाळांच्या बाबतीत कसं फसवायचं ते वर आलंच आहे.

गडचिरोलीतली दुसऱ्या टोकाची नोंद

याच आजाराशी, याच काळात, महाराष्ट्रातही एक झुंज चालली होती. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. तिथे ना पेटी, ना ईसीजी, ना मॉनिटर. गावातलीच बाई प्रशिक्षण घेऊन आरोग्यदूत व्हायची, बाळाच्या घरी पुन्हा पुन्हा जायची, आणि सेप्सिसची चिन्हं दिसली तर आईवडिलांच्या संमतीने प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सेप्सिस झालेल्या बाळांमधला मृत्युदर १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आला होता.

शार्लट्सव्हिलची आणि गडचिरोलीची बाळं सारखी नव्हती. इकडची बहुतेक दिवस भरलेली किंवा थोडी आधी आलेली, तिकडची जेमतेम किलोभराची. म्हणून आकड्यांची तुलना मी करणार नाही. शिवाय व्हर्जिनियातलं यंत्र आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात उद्या येईल असंही नाही. मात्र त्याच विद्यापीठातला गट आता बाळाच्या पायाला लावतात त्या पल्स ऑक्सिमीटरमधून, ठोके आणि ऑक्सिजन एकत्र पाहून, तोच इशारा काढण्यावर काम करतोय. तो चिमटा आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांत, आधीपासूनच आहे, त्यामुळे या कामाकडे आपल्याकडच्या लोकांनी डोळे लावून बसावं असं मला मनापासून वाटतं.

पण आरोग्यदूतांना शिकवलेल्या चिन्हांची यादी वाचताना मी थबकलो. तिच्यात ‘रडणं क्षीण आहे’ एवढंच नाही. आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतंय किंवा रडायचं थांबलंय, असं आहे. आधी नीट दूध ओढणाऱ्या बाळाचं ओढणं कमी झालंय. आधी सावध असणारं बाळ गुंगीत आहे. शिवाय थंड किंवा तापलेलं अंग, फुगलेलं पोट, कण्हणं, छातीला पडणारे खड्डे, नाळेचा किंवा कातडीवरचा पू; यांतली कुठलीही दोन एकदम दिसली तर सेप्सिस धरायचा. आधी कसं होतं, हे आरोग्यदूताला तिच्या स्वतःच्या आधीच्या भेटींमुळे ठाऊक असायचं, आणि दोन भेटींच्या मधलं आई सांगायची.